टाळ्या

१९५६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात आमच्या गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं पहिल्यांदाच आली. सामन्यात घोषणा देऊन प्रेक्षकांना चेतवणारी चिअरलीडर निवडायची आमची रीत जुनी होती: एकेकीनं पुढं येऊन घोषणा द्यायची, जिला टाळ्या जास्त ती निवडली. काळ्या अर्नेटानं घोषणा दिली आणि व्यायामशाळेचं छप्पर हाललं. मी स्वतः स्पर्धेत होते, तरी मीसुद्धा जोरात टाळ्या वाजवल्या.

प्राचार्य लगबगीनं उठले. "टाळ्यांवर कुठं निवड होते का? यंदापासून शिक्षक ठरवतील."

शिक्षकांनी मला निवडलं. मी गणवेश घेतला.

पहिल्याच सामन्यात मी घसा फाडून ओरडले, पण बाकांवरची पोरं ढिम्म. प्राचार्य त्यांच्यावर खेकसले, "हात मोडलेत का रे? टाळ्या वाजवा!"



मागच्या बाकावरून अर्नेटा म्हणाली, "कशाला सर? मोजायच्या तर बंद केल्यात ना तुम्ही!"