आतली घडी

“आईनं लेकीची माफी मागायची? उद्या इस्त्रीनं कपड्याची मागशील!” म्हातारी लाँड्रीच्या काउंटरमागून कडाडली. अख्खी गल्ली तिला तोफ म्हणायची, अर्थात तिच्या पाठीमागे.

झालं होतं एवढंच. सकाळी आठ वर्षांच्या भिंगरीची एक चप्पल सापडेना. सुनेनं तिला चांगलं झापलं. मग चप्पल निघाली सुनेच्याच बादलीमागे. सुनेनं हातातले कपडे खाली ठेवले, पोरीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “चुकलं गं माझं. उगाच ओरडले तुझ्यावर.”

तेव्हापासून तोफ थंड व्हायला तयार नव्हती.

“माझा पोरगा बघ,” तिनं घड्या घालणाऱ्या मुलाकडे बोट केलं. “नुसत्या डोळ्याच्या धाकात वाढवलाय. बेचाळीस वर्षांचा घोडा झाला, अजून माझ्यापुढे ब्र काढत नाही. याला म्हणतात वळण!”

मुलानं ब्र काढला नाही.

“हो आई,” म्हणून सून मागच्या मोरीवर कपडे पिळायला गेली. हेही म्हातारीला खटकलं. भांडायला आलेल्या माणसाला भांडणच द्यायचं नाही, ही कुठली रीत?

चार वाजता बँडमास्तर आले. सहाला बागेत त्यांचा कार्यक्रम होता आणि त्यांचा पांढराशुभ्र, पितळी बटणांचा कोट कागदात बांधून काउंटरवर तयार होता. मास्तरांनी पुडकं काखेत मारलं आणि वळले.

“थांबा मास्तर,” भिंगरी टेबलाखालून बाहेर आली.

काउंटरमागून बाप तिला दोन्ही हातांनी ‘नको, नको’ करत होता. भिंगरीनं फ्रॉकचा घेर मुठीत पिळला.

“कोट नेऊ नका. कॉलरखाली पिवळं झालंय. बाबा वळले तेवढ्यात मी इस्त्री टेकवून बघितली. चुकलं माझं.”

म्हातारीनं पुडकं ओढून घेतलं, सुतळी तोडली. वरून कोट कसा चंद्रासारखा. एकही सुरकुती नाही. तिनं घडी उलगडली, आणखी एक उलगडली, आणि आत सापडला तो डाग. इस्त्रीच्या टोकाचा, पानाएवढा.

तिनं तोंड उघडलं. जन्मभराचा दारूगोळा ओठांवर आला. आणि तिथेच अडला.

कारण घडी मोठी बेमालूम घातलेली होती. पाठ आत, बाह्या वर, बटणं पुढे, डाग बरोबर पोटात. अशी घडी आठ वर्षांच्या पोरीला जमायची नाही. त्याला वर्षांनुवर्षांचा सराव लागतो.

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. मिशीत पांढरे केस आलेला तो बाप्या भिंतीला चिकटून उभा होता. मान खांद्यात, नजर जमिनीवर.

“ही घडी कुठे शिकलास रे?”

मुलानं मान आणखी खाली घातली. मग म्हणाला, “इथेच, आई. भिंगरीएवढा होतो. तू ओरडशील म्हणून.”

म्हातारी खुर्चीत बसली. वर्षांमागून वर्षं गिऱ्हाइकं तपकिरी डाग घेऊन परत यायची, आणि ती त्यांना सुनवायची, “तेव्हाच का नाही बोललात? ताजा डाग निघतो. मुरला की देवाच्या बापालाही निघत नाही.” त्या डागांचं खापर तिनं किती कारागिरांच्या डोक्यावर फोडलं होतं! आणि डाग करणारा तिच्याच ताटात जेवत होता, ब्र न काढता.

“किती वेळ झाला गं भिंगरे?”

“आत्ताच. तीन वाजले होते.”

“मग निघेल!” म्हातारी उठलीच. “सूनबाई! ओलं फडकं आण! आणि तू रे, भिंत सोड, ती पडत नाही. डागाच्या औषधाची बाटली काढ!”

“आणि नाही निघाला तर?” मास्तर घाबरे झाले. “मी काय बनियनवर उभा राहू?”

“राहा की. निदान लोक तुमच्याकडे बघतील तरी.”

भिंगरी फिस्सकन हसली. मग तिचा बाप हसला, आणि आपल्याच हसण्यानं दचकला.

पुढचा पाऊण तास दुकानात लगीनघाई. सुनेनं डाग भिजवला, म्हातारीनं वर औषधाचे थेंब सोडले. दारात तिरपं ऊन येत होतं, तिथे एक बाही मास्तरांनी धरली, दुसरी मुलानं. भिंगरी खाली उकिडवी बसून वर्दी देत होती, “गेला थोडा! अजून थोडा! आजी, आता मला शोधावा लागतोय!”

शेवटी शोधूनही सापडेना. म्हातारीनं भिंगरीचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि दोघींनी मिळून कॉलरवरून इस्त्री फिरवली, पिसासारखी हलकी. मास्तर कोट अंगावर चढवूनच शीळ घालत गेले.

सून ओले हात पदराला पुसत उभी होती. आता आपल्यावर तोफ डागली जाणार, हे तिला ठाऊक होतं. म्हातारी चालत तिच्यापुढे आली आणि शेजारच्या दुकानालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तुझी चूक एकच, सूनबाई. तू या घरात फार उशिरा आलीस. माझा पोरगासुद्धा तुझ्याच हाताखाली वाढायला हवा होता.”