राजा मेल्यानंतर

राजाविरुद्ध जो शस्त्र उचलेल, त्याला त्याच्या घरचेच विसरतील, असा राजाच्या मांत्रिकाचा शाप होता. शिंपिणीच्या मुलीला ते ठाऊक होतं, तरी ती बंडात गेली. अखेर तिच्याच तलवारीनं राजा पडला. आता शाप सुटला असेल, या आशेनं ती धावतच घरी आली.

आई दारात बसून सदऱ्याला बटणं लावत होती. तिनं मान वर केली.

"कोण गं तू? केवढी दमलीस. पाणी देऊ?"

मुलगी घटाघटा पाणी प्यायली. तेवढ्यात आईनं तिच्या फाटक्या बाहीला दोन टाके घातले.

"आता सरळ घरी जा हो. आई डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असेल."

"जाते, काकू," मुलगी म्हणाली. "थोडा वेळ इथं बसू का?"