पहिल्या दिवसाची नोंद

विमा कंपनीची दोन पत्रं राधाकिशन कारकुनानं इरशादच्या टेबलावर ठेवली. एक दगडाबाईंचं, दुसरं आश्रुबांचं. गेल्या हंगामात ऊसतोडीच्या एकाच ट्रॉलीतून दोघं पडली होती, दोघांचेही उजवे खांदे मोडले होते. ऑपरेशननंतर दगडाबाईंवर दिपाली उपचार करत होती, आश्रुबांवर इरशाद. दगडाबाईंना आणखी बारा दिवसांची फिजिओथेरपी मंजूर झाली होती. आश्रुबांच्या पत्रात एकच ओळ होती. उपचार पुढे चालू ठेवण्याची गरज कागदपत्रांवरून दिसत नाही. हरकत असल्यास आज पाचपर्यंत कळवा.

"मॅडमची एकबी फाईल परत येत न्हाई," राधाकिशन जाता जाता म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण इरशादला ते बरोबर जिथं लागायचं तिथं लागलं.

केजच्या या धर्मादाय दवाखान्यात त्याची सतरा वर्षं गेली होती. अर्ध्या तालुक्याचे आखडलेले गुडघे त्याच्या हाताखाली मोकळे झाले होते. दिपालीला येऊन आठ महिनेही झाले नव्हते. तरी हल्ली पेशंट दारातूनच विचारायचे, "मॅडम हायत का?"

आश्रुबा सकाळच्या गाडीनं युसूफ वडगावहून येऊन बाकावर बसले होते. इरशादनं त्यांना पत्र वाचून दाखवलं.

"म्हंजे माजा हात बरा झाला, आसं म्हन्त्यात का ते?"

"तसं न्हाई. कागद कमी पडले म्हणतात."

आश्रुबांनी डाव्या हातानं पत्र उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "मॅडमला लिवाया सांगा की. पैल्या दिशी त्यांनी मला लई इचारलं व्हतं. आर्धा घंटा लिवत व्हत्या. त्यो कागद कुटं गेला?"

तो कागद कुठं गेला, हे फक्त इरशादला माहीत होतं.

आश्रुबा पहिल्यांदा आले तेव्हा तो रजेवर होता. दिपालीनं त्यांना तपासून पानभर नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर त्यानं ती वाचली. पुन्हा वाचली. मग फाईलमधून काढून घेतली आणि तिच्या जागी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लावल्या. पुढचे वीस दिवस रोज तेच लिहिलं : सुधारणा आहे, उपचार चालू ठेवावेत. पेशंट माझा आहे, एवढंच त्यानं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

पान फाडून टाकणं मात्र त्याला जमलं नव्हतं. कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या एक्स-रेंखालून त्यानं ते आता बाहेर काढलं.

हात खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नाही, तिनं लिहिलं होतं. साठ अंशांवर थांबतो. सदरा घालायला बायको लागते. घास घेताना मान खाली आणावी लागते. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची तर हात कानाच्या वर जायला हवा. तोड दिवाळीनंतर सुरू होते. तोवर हात वर गेला नाही तर मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला घेणार नाही, म्हणजे बायकोचंही काम जाईल. खाली कोणता व्यायाम, किती आठवडे, आणि तो घरी एकट्यानं का होणार नाही.

वीस दिवस तो खांदा इरशादच्या हातात होता. मुकादमाचं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानं कोरा कागद ओढला आणि तिची नोंद आपल्या अक्षरात उतरवायला घेतली. तीन ओळी झाल्या. मग तारीख घालताना पेन अडलं. त्या तारखेला हजेरीपटावर त्याची रजा होती.

"जमंना का?" समोरून आश्रुबांनी विचारलं. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मांडीवर धरून ठेवला होता.

इरशादनं कागद चुरगळला आणि दिपालीला हाक मारली.

ती आली. पानाकडं तिनं पाहिलं, कोपऱ्यातल्या पिनेच्या जुन्या भोकांकडं पाहिलं.

"हे तर फाईलमध्ये होतं, सर."

"मी काढून ठेवलं होतं."

"का?"

इरशादनं खिडकीकडं पाहिलं. "चांगलं लिहिलं होतं म्हणून."

आश्रुबांनी आधी त्याच्याकडं, मग तिच्याकडं पाहिलं. दिपालीचा चेहरा लाल झाला होता, पण तिनं खुर्ची ओढली आणि पेन उघडलं.

"आजचं माप लागेल. हात किती वर जातो आता?"

"एकशे दहा," इरशाद जागेवरूनच म्हणाला.

तिनं कोन मोजायची पट्टी आणली, आश्रुबांचा हात हळू वर नेला आणि थांबला तिथं माप पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. एकशे दहाच होते.

"साठाचे एकशे दहा केलेत तुम्ही वीस दिवसांत," ती म्हणाली. "आणि कुठंच लिहिलं नाही?"

तिच्या आवाजात कौतुक होतं. ते त्याला रागापेक्षा जास्त बोचलं.

ती लिहीत राहिली. शेवटी तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला. उपचार करणारे म्हणून त्याची सही, पहिली तपासणी करणारी म्हणून तिची. साडेचारला राधाकिशननं फाईल पाठवून दिली.

"मग म्या सोमवारी यिऊ का?" आश्रुबांनी विचारलं.

"या," इरशाद म्हणाला. "निकाल काई बी लागू द्या, तुमी या."

आश्रुबा बसूनच राहिले. त्यांनी दिपालीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं ते उठले.