अर्धपोटी कोळंबी

परीक्षानळीतलं पाणी पुन्हा गर्द हिरवं झालं. सुनेने नळी रंगपट्टीशी ताडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. तळ्यातला अमोनिया कालच्याहून जास्त होता.

तिने तळ्यात पाळलेली ही पहिलीच कोळंबी. एव्हाना बोटाएवढी व्हायची, ती करंगळीच्या दोन पेरांवर अडली होती. कवचं मऊ पडली होती. काही तर भर सकाळी वर येऊन काठाशी रेंगाळत होती. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि त्यातून अमोनिया होतो, हे तिला पाठ होतं. म्हणून आठवड्यापूर्वीच तिने खाद्य निम्मं केलं, पाणी बदललं, पाण्यात हवा मिसळणारी चाकं दिवसभर फिरती ठेवली. तरी रंग काही उतरेना.

शेवटी एका दुपारी ती पंपाच्या खोलीत दबा धरून बसली. घरातले जेवून आडवे झाले, तसे सासरे पाय न वाजवता आले. काखेत खाद्याचं घमेलं. काठाकाठाने फिरत, गोंजारल्यासारखं बोलत त्यांनी ते सगळं पाण्यात उधळलं.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. त्यांच्या हातून कुणी अर्धपोटी उठलं नव्हतं. सून समोर आली तसे ते चपापले, पण उलट तिलाच बोल लावू लागले. मुक्या जिवांना उपाशी ठेवून ते वाढतील कसे, असं त्यांचं म्हणणं.

सून रागावली नाही. "बाबा, वसतिगृहातल्या मुलांना खोलीत कोंडून उष्टं तिथेच कुजू दिलं असतं तुम्ही?"

सासऱ्यांनी घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाले, ती नळी कशी वाचायची ते शिकव.

त्या दिवसापासून तपासणी त्यांच्याकडे गेली. आयुष्यभर चिमटीने मीठ मोजलेला माणूस आता नळीत टाकायच्या औषधाचे थेंब मोजू लागला. खाद्याचं माप त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तळ्यात पडेना. हिरव्याचा पोपटी झाला, पोपटीचा पिवळा. कवचं टणक झाली, कोळंबी टणाटण उड्या मारू लागली आणि किती खाल्लं ते कळावं म्हणून पाण्यात सोडलेली खाद्याची ताटली बघता बघता चाटूनपुसून साफ करू लागली.

पंधरवड्याने एका दुपारी सासरे फेरी मारायला निघाले, तर सून काठावर त्या रिकाम्या ताटलीकडे बघत उभी. एक हात पाठीमागे.

"सूनबाई," ते म्हणाले, "मूठ उघड."