बापाचा क्लब

फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, नव्या क्लबसाठी खेळाडू गोळा करत फिरणारा नोएल ब्रँट मेलबर्नहून थेट ग्रॅम हॅलिननच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. ग्रॅमने चहा दिला, पण बिस्किटांचा डबा काही उघडला नाही.

"मैदान झालं का तुमचं?"

"अजून पाया खणतायत."

"आणि क्लबचं गाणं?"

"लिहायला दिलंय."

ग्रॅम मनापासून हसला. एका जुन्या क्लबकडून तो शंभरावर सामने खेळला होता, आणि अशा खेळाडूचा मुलगा हो म्हणाला, तर त्याच्यावर पहिला हक्क बापाच्या क्लबचा, हा नियमच होता. त्याची अठरा नंबरची जर्सी तिथे त्याच्या मुलासाठी, फर्गससाठी, राखून ठेवली होती. गावातल्या सामन्यांत फर्गसने गोल मारला, तरी लोक "शाब्बास, ग्रॅमच्या पोरा" असंच ओरडत. ग्रॅमला ते फार आवडे.

"उगाच एवढी गाडी हाणलीत. पोरगा पाळण्यात होता तेव्हाच ठरलंय हे."

नोएलने कप खाली ठेवला. "मी आपणहून नाही आलो, ग्रॅम. त्यानंच फोन केला होता."

ग्रॅमचं हसू तिथल्या तिथे थिजलं. त्याने दारात उभ्या असलेल्या फर्गसकडे पाहिलं. पोराने मान डोलावली.

"अरे, यांच्याकडे ना मैदान, ना गाणं. आहे काय तिथं?"

"काहीच नाही, बाबा," फर्गस हळूच म्हणाला. "तिथं अजून कुणाचाच बाप खेळलेला नाही."