ठरवून दिलेली चूक

सोमवारी सकाळी, दुसऱ्या तासाला, पदार्थविज्ञानाच्या मोठ्या व्याख्यानगृहात, तीनशे विद्यार्थी आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या विभागप्रमुख बाई यांच्या साक्षीने प्राध्यापकांनी प्रश्न टाकला: एक चेंडू हातातून नुसता सोडला आणि दुसरा त्याच क्षणी, त्याच उंचीवरून आडवा फेकला, तर जमिनीवर आधी कोणता पोहोचेल?

वर्ग नेहमीप्रमाणे मूग गिळून बसला. या मौनाचा बोभाटा झाल्यामुळेच तर बाई तास पाहायला आल्या होत्या. मग पहिल्या बाकावरची मुलगी ठरल्याप्रमाणे उभी राहिली. शिष्यवृत्तीसाठी प्राध्यापकांनी बाईंकडे जिचे एकटीचे नाव धाडले होते, तीच ही. चुकीचे उत्तर तिने द्यायचे, म्हणजे इतरांची भीड चेपेल. आणि तास संपण्यापूर्वी सरांनी सर्वांना खरे सांगायचे, असा शनिवारचा करार होता.

“सोडलेला,” ती म्हणाली. “दुसऱ्याला लांब जायचंय ना.”

“का, मध्ये गाडी बदलायचीय त्याला?” मागून कोणीतरी ओरडले. व्याख्यानगृह हसण्याने दणाणले.

“शेजाऱ्याला पटवून द्या,” प्राध्यापक म्हणाले, आणि वर्षभर मिटलेली तोंडे उघडली. बाकांवरून खोडरबर पडू लागले, एक सोडलेला, एक फेकलेला. माणसे हमरीतुमरीवर आली. दोन्ही एकदमच पडतात, हे ज्यांना नुकते उमगले होते, ते पहिल्या बाकाकडे धावले. “ताई, आता तरी शिरलं का डोक्यात?” मुलगी मान डोलवत राहिली. तिचे कान लाल झाले होते आणि नजर सरांवर होती.

घंटा झाली. सर्वांना थांबवण्यासाठी प्राध्यापकांनी हात वर केला. तेवढ्यात बाई टाळ्या वाजवत पायऱ्या उतरू लागल्या आणि साऱ्या वर्गाने त्या टाळ्या उचलून धरल्या. वर गेलेला हात प्राध्यापकांनी हळूच छातीवर ठेवला.

गर्दी ओसरली तरी मुलगी फळ्यापाशी घुटमळत होती. “सर, ते सांगायचं राहिलं.”

“हो, हो. पुढच्या तासाला. अगदी नक्की.”

ती गेली. बाई जवळ आल्या. “एवढा मुखदुर्बळ वर्ग बोलता केलात! मानलं तुम्हाला.” मग दाराकडे पाहत त्यांनी विचारले, “तुम्ही शिष्यवृत्तीसाठी सुचवलेली हीच ना?”

“हीच,” प्राध्यापक म्हणाले. पुढचे वाक्य जिभेच्या टोकावर होते. ते उच्चारले असते, तर सारा तास नाटक ठरला असता. त्यांनी पाठ फिरवली आणि स्वच्छच असलेला फळा पुसायला घेतला.

“तिचं नाव मागे घ्या,” बाई म्हणाल्या. “मुलगी कच्ची आहे.”