सातवा शनिवार

मृणालने संशोधनासाठी गावातल्या बारा बायका निवडल्या, सहा हिंदू, सहा मुसलमान. दंगलीपासून त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. सहा शनिवार त्यांनी गावच्या हॉलमध्ये एकत्र बसून गोधडी शिवायची आणि मनातली अढी कमी होते का, ते तिने नोंदवायचं. "दुसऱ्या शनिवारी कुणी फिरकणार नाही," मार्गदर्शक सर म्हणाले होते.

पहिल्या शनिवारी बायका दोन भिंतींना टेकून गप्प बसल्या. तिसऱ्या शनिवारी हमिदाबींनी द्वारकाबाईंचा टाका उसवला आणि दोघी कडकडून भांडल्या. मृणालला मात्र बरं वाटलं. निदान बोलल्या तरी.

सहा शनिवार झाले, प्रश्नावल्याही भरून झाल्या. पुढच्या शनिवारी ती हॉलमधलं सामान न्यायला आली, तर आतून हसणं ऐकू आलं. बाराही जणी गोधडीभोवती बसल्या होत्या.

"अहो, काम संपलं ना आपलं?" तिने विचारलं.

"तुझं संपलं असंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "गोधडी अर्धीच झालीया."

"आणि उभी का तू?" हमिदाबींनी सुई पुढे केली. "बस, दोरा ओव. आम्हा दोघींनाबी दिसत न्हाई."